हिमोग्लोबिन बारा, तरी जिना चढताना दम का लागतो?

(ताज्या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

आजचा विषय रक्ताचा. घाबरू नका, सुई-बिई काही नाही.

कॉलेजातलं रक्तदान शिबिर डोळ्यांसमोर आणा. बोटाला टोचतात, थेंब घेतात, आकडा येतो. मुलं बहुतेक पुढे सरकतात आणि मुलींपैकी कितीतरी जणींना ऐकावं लागतं, "ताई, तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे, तुम्हाला रक्त देता येणार नाही." आपल्याकडे रक्तदानासाठी ते किमान १२.५ लागतं. मुलगी घरी येते. आई म्हणते बीट खा, आजी म्हणते गूळ-शेंगदाणे खा, मैत्रीण डाळिंबाच्या ज्यूसचं रील पाठवते. आठ-पंधरा दिवस हे चालतं आणि मग विषय बंद.

आता दुसरी मुलगी घ्या. हिची तक्रार अशी की दोन मजले चढले की दम लागतो, केस मूठमूठभर गळतात, अभ्यासात लक्ष लागत नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १२.२. रिपोर्टवर 'नॉर्मल'. मग घरचे म्हणतात, "रात्री दोनपर्यंत मोबाईल बघतेस, थकवा येणार नाही तर काय होणार?" मोबाईलवर खापर फोडलं की सगळ्यांचं समाधान होतं.

आजचा भाग मुख्यतः या दुसऱ्या मुलीसाठी आहे. आणि सांगायचं आहे ते एवढंच: अंगातलं लोह कमी होत असेल, तर हिमोग्लोबिनचा आकडा ही सगळ्यात शेवटी येणारी बातमी असते. ती येईपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. कसं, ते बघू.

लाल पेशीच्या पोटात काय असतं?

आपल्या रक्तात साधारण २५ लाख कोटी लाल पेशी असतात. बरोबर वाचलंत, लाख कोटी. एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे जवळपास २७ कोटी रेणू. आणि एकेका रेणूत लोहाचे फक्त चार अणू. प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू पकडतो. हिशेब केला तर एक लाल पेशी एका खेपेला शंभर कोटींहून जास्त ऑक्सिजन रेणू वाहून नेऊ शकते.

पण लोहच का? गच्चीवर लोखंडी खुर्ची पावसात ठेवली तर गंजते. गंजणं म्हणजे लोहाने ऑक्सिजन पकडला आणि मग सोडलाच नाही. रक्तात असं झालं तर सगळंच ठप्प होईल. फुप्फुसात ऑक्सिजन घेतला, पायाच्या बोटापर्यंत पोचला आणि तिथे सोडायलाच तयार नाही, तर उपयोग काय? हिमोग्लोबिनची करामत इथे आहे. त्यातलं प्रथिन लोहाच्या अणूला अशा कप्प्यात बसवतं की तो ऑक्सिजन पकडतो, पण गंजत नाही. फुप्फुसात धरायचं, स्नायूत सोडायचं, परत यायचं. डबेवाल्यासारखं: डबा पोचवायचा, रिकामा घेऊन यायचा.

हिमोग्लोबिन नसतं तर? नुसत्या पाण्यासारख्या द्रवात ऑक्सिजन फार विरघळत नाही. एक लिटर रक्ताच्या द्रव भागात जेमतेम तीन मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. हिमोग्लोबिनमुळे तेच एक लिटर रक्त सुमारे २०० मिलिलिटर वाहून नेतं. या प्रथिनाची रचना शोधायला मॅक्स पेरुत्झ या शास्त्रज्ञाने १९३७ पासून दोन दशकांहून जास्त काळ खर्ची घातला. १९६२ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

शरीर: पक्कं काटकसरी घर

आपल्या अख्ख्या शरीरात लोह किती असतं माहितीये? तीन ते चार ग्रॅम. एक-दोन खिळ्यांएवढं, बस. त्यातलं साधारण दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये.

लाल पेशी जगते सुमारे १२० दिवस. म्हातारी झाली की पानथरीतल्या पेशी तिला गिळतात, मोडतात आणि लोह बाजूला काढतात. ते लोह पुन्हा हाडांच्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये जातं आणि नव्या पेशी तयार होतात. दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या लाल पेशी! यासाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं आणि ते जवळपास सगळं जुन्या पेशींतूनच परत वापरलं जातं. जुन्या साडीची गोधडी शिवणारी आजी आठवा, तसंच.

जेवणातून आपण रोज आत घेतो ते फक्त एक ते दोन मिलिग्रॅम. कातडीच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतून जेवढं जातं, तेवढंच भरून काढायचं असतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, म्हणून आत घेतानाच कडक पहारा असतो. पहारेकऱ्याचं नाव हेप्सिडिन. हे यकृतात तयार होणारं संप्रेरक. ते वाढलं की आतड्याचं लोहाचं दार बंद, कमी झालं की दार उघडं. अंगात संसर्ग किंवा सूज असेल तर हेप्सिडिन वाढतं, म्हणून आजारपणात कितीही पौष्टिक खाल्लं तरी लोह अंगी लागत नाही.

नळाला पाणी आहे, पण टाकीत किती?

आता मुद्द्यावर येऊ.

जास्तीचं लोह शरीर साठवून ठेवतं ते फेरिटिन नावाच्या प्रथिनात, मुख्यतः यकृत, पानथरी आणि हाडांच्या मगजात. एका फेरिटिनच्या पोकळीत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. ही झाली गच्चीवरची टाकी. हिमोग्लोबिन म्हणजे खाली स्वयंपाकघरातला नळ.

टाकी भरलेली असो की तळाला गेलेली, शेवटची बादली संपेपर्यंत नळाला पाणी येतच राहतं. नुसता नळ बघून टाकीत किती उरलंय ते कळत नाही. रक्ताचंही अगदी तसंच होतं.

पहिल्या टप्प्यात फेरिटिन घसरतं. हिमोग्लोबिन जागच्या जागी. रिपोर्ट 'नॉर्मल'.

दुसऱ्या टप्प्यात टाकी रिकामी होते. मगजाला नव्या पेशींसाठी लोह पुरेना. नव्या पेशी आकाराने लहान आणि फिक्या निघायला लागतात. पण जुन्या, चांगल्या पेशी अजून फिरतायत, त्यांचं आयुष्य चार महिन्यांचं. त्यामुळे हिमोग्लोबिन अजूनही बरं दिसतं.

तिसऱ्या टप्प्यात हिमोग्लोबिन खाली येतं. आता रिपोर्टवर लाल अक्षरात 'लो' येतं आणि घरात धावपळ सुरू होते.

आपण जागे होतो ते तिसऱ्या टप्प्यात. पण थकवा त्याआधीच सुरू झालेला असू शकतो, कारण लोह फक्त रक्तात लागत नाही. स्नायूंना लागतं, आणि प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाही लागतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका चाचणीत अशा १९८ स्त्रिया होत्या, ज्यांचं हिमोग्लोबिन १२ च्या वर होतं, पण फेरिटिन ५० च्या खाली होतं आणि थकवा होता. निम्म्यांना लोहाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. बारा आठवड्यांनी लोहवाल्यांचा थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी कमी झाला, दुसऱ्या गटाचा २९ टक्क्यांनी. म्हणजे नुसत्या गोळीच्या समाधानानेही फरक पडतो, हे खरं, पण लोहाने त्यापेक्षा बराच जास्त पडला.

थकव्याची शंभर कारणं असतात: झोप, थायरॉईड, ताण, बी१२, बरंच काही. प्रत्येक थकवा लोहाचाच असं समजू नका. मात्र लोह तपासल्याशिवाय 'मोबाईलमुळेच' असंही म्हणू नका.

अजून एक खूण सांगतो, जी लोक लाजून सांगत नाहीत. बर्फ चावत राहावासा वाटणं, पाटीवरची पेन्सिल, खडू, माती किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. घरात कोणी असं करत असेल तर चेष्टा करू नका, रागावू नका. लोह कमी झाल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना सांगा.

मुलींच्याच वाट्याला जास्त का?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया होता. पुरुषांमध्ये २५ टक्के. दुपटीहून जास्त फरक.

कारण साधं गणित आहे. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, त्यातून १५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह. महिन्यावर वाटलं तर रोजचं अर्धा मिलिग्रॅम. ऐकायला किरकोळ. पण शरीर रोज एक-दोन मिलिग्रॅमच आत घेऊ शकतं, हे लक्षात घेतलं की तो अर्धा मिलिग्रॅम किती मोठा आहे ते कळतं. ज्यांची पाळी जास्त जाते, त्यांचा हिशेब दर महिन्याला तुटीचा. 'आमच्या घरात सगळ्यांचंच असं असतं' म्हणून जास्तीचा रक्तस्राव सोसत राहणं हे कित्येक घरांतल्या ॲनिमियाचं मूळ आहे. दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, तर आधी त्यावर उपचार हवा. टाकीला भोक असेल तर नुसतं पाणी भरून काय होणार?

म्हणूनच भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषांसाठी रोज १९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय आणि स्त्रियांसाठी २९. तरी बऱ्याच घरांत सगळ्यांचं आटोपल्यावर, उरलंसुरलं, शेवटी जेवणारी असते बाईच. हा प्रश्न रक्ताचा आहे, तसा पंगतीचाही आहे.

मुलांनो, तुम्हीही ऐका. पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी झालं तर ते सहज घेऊ नका. पाळी नाही, मग रक्त जातंय कुठे? मूळव्याध, पोटातला अल्सर, जंत किंवा आणखी काही. कारण शोधलंच पाहिजे.

लाल रंगाची फसवणूक

बीट लाल, रक्त लाल, म्हणून बीट खाल्लं की रक्त वाढतं. किती सोपं! पण बिटाचा रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा. त्यात लोहाचा काही संबंध नाही. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. डाळिंबात त्याहून कमी. खा की, छान फळं-भाज्या आहेत, पण रक्त वाढवायला त्यांच्या भरवशावर राहू नका. गुळाचा १० ग्रॅमचा खडा घेतला तर लोह मिळतं साधारण अर्धा मिलिग्रॅम.

याउलट रंगाने अगदी साधी दिसणारी बाजरी. १०० ग्रॅम पिठात सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह. हरभरा, मटकी यांतही सहा-सातच्या घरात. अळीव तर बाळंतिणीच्या लाडवात आपल्या आज्यांनी उगाच नाही घातले.

बाजरीची एक महाराष्ट्रातली गोष्ट ऐका. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने जास्त लोह असलेलं 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं वाण तयार केलं आणि २०१२ मध्ये ते आधी महाराष्ट्रात आलं. जास्त लोहाच्या बाजरीची इथल्याच १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांवर चाचणी झाली. काहींना या बाजरीची भाकरी, काहींना साध्या बाजरीची. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: सुरुवातीला ज्यांच्यात लोह कमी होतं, त्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता लोहवाल्या भाकरीने सुमारे दीडपट झाली. गोळी नाही, सिरप नाही. भाकरी.

पोहे, लिंबू आणि चहाचं भांडण

ताटात लोह आहे म्हणजे ते रक्तात जाईलच असं नाही. मटण, कलेजी, मासे यांतलं लोह आतडं सहज घेतं, साधारण १५ ते ३५ टक्के. धान्य, डाळी, पालेभाज्यांतलं मात्र अवघडून घेतं. २ टक्केही असेल, फार तर २० टक्के. कमी की जास्त, ते सोबत काय खाता त्यावर ठरतं.

आता आपल्या सकाळच्या बशीकडे बघा. कांदेपोहे, वर लिंबू, बाजूला चहा. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला आतड्यात शिरायला मदत करतं. आणि चहातली टॅनिनसारखी द्रव्यं त्याच लोहाला धरून ठेवतात. जेवणाबरोबर एक कप चहा घेतला तर त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून कमी होऊ शकतं. लिंबाने मिळवलेलं चहाने घालवलं! कॉफीचंही तेच.

चहा सोडा असं म्हटलं तर तुम्ही हा पॉडकास्टच सोडाल. म्हणून एवढंच करा: जेवण-नाश्ता आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा. सकाळचा चहा उठल्या उठल्या घ्या, पोहे नंतर.

बाकीच्या गोष्टी आपल्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आहेत. कडधान्याला मोड आणले की त्यातलं लोह अडवणारं फायटेट कमी होतं, म्हणजे मटकीची उसळ आणि वर लिंबू हा उत्तम बेत. लोखंडी कढईत टोमॅटो किंवा चिंचेची आंबट भाजी शिजवली की कढईचं थोडं लोह भाजीत उतरतं. आणि पेरू, आवळा, कोथिंबीर यांना जेवणासोबत जागा द्या.

गोळी: कधी, कशी, किती दिवस?

टाकी एकदा तळाला गेली की नुसत्या आहाराने ती भरायला फार काळ लागतो. तेव्हा गोळी लागतेच, आणि ती डॉक्टरांनी सांगितलेलीच. शाळेत दर आठवड्याला मिळायची ती निळी गोळी आठवते? तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं. ती खिडकीतून बाहेर फेकणाऱ्यांनी आता हसू नका.

गोळीने शौच काळी होते. घाबरू नका, ते न शोषलेलं लोह. मळमळ, बद्धकोष्ठ झालं तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. एक दिवसाआड घेण्याचाही पर्याय असतो. झुरिचमधल्या संशोधनात दिसलं की एक डोस घेतला की हेप्सिडिन दिवसभर वाढलेलं राहतं आणि दुसऱ्या दिवशीचं लोह कमी शोषलं जातं. पहारेकरी जागा झालेला असतो ना! तुम्हाला काय योग्य ते तुमचे डॉक्टर ठरवतील. चहा, दूध, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या गोळीबरोबर मात्र लोह घेऊ नका.

सगळ्यात मोठी चूक कुठे होते? महिना-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन वर येतं, बरं वाटतं आणि पट्टी कपाटात जाते. नळ सुरू झाला, पण टाकी रिकामीच. मग सहा महिन्यांनी पुन्हा तेच. म्हणून हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. ते तीन महिने टाकीचे.

आणि हो, लहान मुलांच्या हाती या गोळ्या पडू देऊ नका. जास्त लोह लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

लोह देऊन उपयोग नाही, असंही असतं

प्रत्येक ॲनिमिया लोहाचा नसतो. शाकाहारी लोकांत बी१२ ची कमतरता बरीच दिसते, तेव्हा लाल पेशी उलट मोठ्या होतात. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेल आहे. थॅलेसेमियाच्या वाहकांमध्ये पेशी लहान दिसतात, अगदी लोह कमी असल्यासारख्या, पण टाकी भरलेली असते. अशांना वर्षानुवर्षं लोह देत राहिलं तर फायदा नाही, नुकसान होऊ शकतं. म्हणून मेडिकलमधून परस्पर टॉनिक आणू नका.

रिपोर्ट हातात घ्या

शेवटी, रिपोर्ट उघडून चार गोष्टी बघा.

एक, हिमोग्लोबिन. गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ च्या खाली आणि पुरुषांसाठी १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया.

दोन, जुना रिपोर्ट शोधा. दोन वर्षांपूर्वी १३.८ होतं आणि आज १२.१ आहे, तर दोन्ही 'नॉर्मल' असूनही ही घसरण आहे.

तीन, एमसीव्ही, म्हणजे पेशीचा आकार. ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत, डॉक्टरांना कारण विचारा.

चार, फेरिटिन. साध्या सीबीसीत ते नसतं, वेगळं सांगावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांमध्ये १५ च्या खाली म्हणजे टाकी रिकामी, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खालीच सावध होतात. मात्र ताप-संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, त्यामुळे बरं असताना तपासा.

तर मंडळी, यापुढे कोणी म्हणालं "हिमोग्लोबिन बारा आहे, तुला काही झालेलं नाही", तर शांतपणे विचारा, "आणि फेरिटिन किती?" प्रश्न एका ओळीचा आहे. हा भाग त्या मैत्रिणीला पाठवा, जी जिन्यात मधेच थांबून मोबाईल बघायचं नाटक करते. ती मोबाईल बघत नसते, श्वास घेत असते.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि चहा जरा उशिरा घ्या!